एकतीस पालथे दगड

८ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर.

फोनवर तू "हो ताई, बरं ताई" करून मला गुंडाळतोस, आणि समुद्राच्या त्या टोकावर तुझा फोन लागतो महिन्यातून एकदा. म्हणून लिहिते आहे. तुझ्या चौकीवर सामानाची गाडी आठवड्यातून दोनदा येते ना, तीच हे पत्र आणेल.

परवा शनिवारी मी तिकडे येऊन गेले. दचकू नकोस. मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चहा टाकला असतास आणि बाबांचा विषय टाळला असतास. पाच महिने झाले बाबांना जाऊन. शेवटचे दोन दिवस ते बेशुद्ध होते तेव्हाही तू मूग गिळून बसलास आणि सगळं संपल्यावर मला कळवलंस. तो राग तसाच आहे, जरासुद्धा उतरलेला नाही. पण ज्या वाटेची त्यांनी चौतीस वर्षं राखण केली, ती वाट एकदा एकटीने चालावी असं फार वाटत होतं.

आले तर चौकीला कुलूप! भर शनिवारी राखणदार गायब. मग निघाले एकटीच. हंगाम नाही, त्यामुळे चिटपाखरू नव्हतं. खाण्याच्या दुकानांबाहेर खुर्च्या साखळीने बांधून ठेवलेल्या, तिकिटाच्या खिडकीवर फळी ठोकलेली. वारा असा की तोंड उघडलं तर दात ठणकत होते. वरच्या वाटेने टोकापर्यंत गेले. बाबा बसायचे त्या खडकावर बसून डबा खाल्ला आणि पोटभर रडले. लिफ्ट तपासायला आलेल्या मला बघून बिल्डिंगांचे सेक्रेटरी घाबरतात, त्यांनी मला तिथे पाहिलं नाही ते बरं झालं.

परतताना खालच्या वाटेने आले. सुट्टीत बाबा मला न्यायचे ती, पाण्याच्या कडेकडेने जाणारी. आणि तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचे दगड, धाकट्या! उशीएवढे चपटे, एका अंगाने पांढरे रंगवलेले, लोकांना वाट दिसावी म्हणून वीस-वीस पावलांवर मांडलेले. एकूण एक पालथा! पांढरं अंग मातीत आणि काळं वर. लाटांनी उलटले असतील, नाहीतर हंगामात कोणी वात्रटपणा केला असेल. पण तू काय करत होतास? माश्या मारत होतास?

दोन तास कंबर मोडून मी एकतीसच्या एकतीस दगड उताणे केले. रुमालाने पुसले. आता वाट कशी लख्ख दिसते ते जाऊन बघ. बाबांच्या जागी नोकरीला लागलास, बाबांच्या खाटेवर झोपतोस, आणि त्यांचे दगड उचलायला बहिणीला तीनशे किलोमीटरवरून यावं लागतं. लाज वाटली तर कळव.

आशीर्वाद उरला नाही.

ताई


१२ जानेवारी

ताई,

नमस्कार करायची इच्छा नाही. सवय आहे म्हणून करतो.

तुझं पत्र आज दुपारच्या गाडीने आलं. मी ते तीनदा वाचलं. मग बाहेर जाऊन समुद्राकडे तोंड करून शिव्या दिल्या, कारण तू समोर नव्हतीस.

परवा बुधवारी एक बाई खालच्या वाटेने उतरल्या. दातांच्या डॉक्टर आहेत, पन्नाशीच्या. गर्दी नको म्हणून हंगाम सोडून एकट्या फिरतात. वळणावर लाट आली आणि तिने त्यांना उचलून खडकावर आपटलं. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, ती ऐकून मी धावलो. दोर लावून वर काढलं. मांडीचं हाड मोडलंय. उजवा हात दोन खडकांच्या मध्ये सापडून चिरडला. हा हात पुन्हा अवजार धरणार नाही, असं इस्पितळात सांगितलं आहे. समजतंय का तुला? दातांच्या डॉक्टरचा उजवा हात!

दोराला बांधलेल्या असताना त्या एकच बडबडत होत्या, पांढरे दगड होते, पांढरे दगड होते. दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर खरंच सगळे उताणे. ते मी ऑक्टोबरमध्ये माझ्या हातांनी पालथे केले होते, ताई. मी! हंगाम संपला की पालथे करायचे, सुरू झाला की उताणे. थंडीत तिथे लाट कधी चढेल याचा भरवसा नसतो. पाटी लावली तर वारा उडवतो, कुंपण खाऱ्या हवेने सडतं. ही युक्ती बाबांचीच. "वाट बंद म्हणून सांगू नका, वाट दिसूच देऊ नका," म्हणायचे. उलटा दगड दगडासारखाच दिसतो, माणूस आपोआप वरच्या वाटेने जातो. बाहेरच्या कोणाला त्याच्या पोटाखाली पांढरं आहे हे ठाऊकच नसतं. ठाऊक फक्त आपल्या घरच्यांना.

ते सगळे दगड मी पुन्हा पालथे केले. गेले दोन दिवस मी स्वतःला वेडा समजत होतो. आपण केले होते की नव्हते? आपलं डोकं फिरलं का? आणि आज तुझं पत्र, रुमालाने पुसले म्हणे!

तू फक्त सुट्टीत यायचीस, म्हणजे हंगामात. थंडीतलं टोक तू आयुष्यात पाहिलेलं नाहीस. लग्नानंतर तर आठ वर्षं फिरकली नाहीस. आणि आलीस ती थेट आम्हाला शिकवायला.

चोवीस तारखेच्या आत कार्यालयातले साहेब चौकशीला येतील. तुझं पत्र माझ्या खिशात आहे. ते मी दाखवायच्या आधी तूच तुझ्या तोंडाने सांग.

धाकटा


१६ जानेवारी

धाकट्या,

अक्षर एवढं मोठं का काढतोस? कागदावरूनही माझ्या अंगावर ओरडायचं आहे का?

आधी हे लिहिते. त्या बाईंचा हात डोळ्यांपुढून हलत नाही. काल एका इमारतीत मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरले आणि कशासाठी उतरले तेच विसरले. वर उभा असलेला मेकॅनिक म्हणाला, मॅडम, बरं वाटत नाहीये का?

पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस. मला कोणी सांगितलं होतं? बाबांनी नाही, तू नाही. घरातली एक रीत, घरातल्याच एका माणसाला माहीत नाही, ही चूक कोणाची? वीस वर्षं मी हाच धंदा करते. बंद लिफ्टवर पाटी नसेल आणि कोणी आत पाय टाकला, तर मी पाय टाकणाऱ्याला धरत नाही. तिथे पाटी नव्हती. साधी दोरी आडवी बांधलेली नव्हती.

आणि मला एक सांग. बाबा दर रविवारी खालच्या वाटेने फेरी मारायचे, पाऊस असो की ताप असो. तू मारतोस ना? मी शनिवारी दगड उताणे केले. दुसऱ्या दिवशी, सात तारखेला, रविवार होता. बाई पडल्या बुधवारी. मधल्या रविवारी तू तिथून गेलास, तर एकतीस पांढरे दगड तुला दिसले नाहीत? की गेलाच नाहीस?

तुझे भाऊजी म्हणतात, एक अक्षर लिहून देऊ नकोस, परवाना जाईल. खोटं कशाला बोलू, मलाही तीच भीती आहे. मी सुरक्षित म्हणून सही करते त्यावर लोक विसाव्या मजल्यावर जातात. माझ्या हातून माणूस जायबंदी झाला हे कळलं, तर त्या सहीला कोण विचारेल? मला थोडा वेळ दे. पत्र दाखवू नकोस. विनंती समज.

ताई


२३ जानेवारी

ताई,

साहेब येऊन गेले. मी सांगितलं की ऑक्टोबरमध्ये दगड पालथे करायचे राहून गेले, विसरलो. त्यांनी दोन पानं लिहून घेतली आणि सही घेतली. ताकीद दिली, एक पगारवाढ रोखली. बाबांकडे बघून एवढ्यावर सोडतो म्हणाले.

तुझं पहिलं पत्र मी शेगडीत घातलं. आता कोणाला काही कळायचं नाही. तुझा परवाना सुखरूप, भाऊजींची झोप सुखरूप.

सात तारखेला मला बरं नव्हतं. फेरी चुकली. तो विषय पुन्हा काढू नकोस. तुझं पाप मी माझ्या नावावर घेतलंय, त्यावर आणखी उलटतपासणी नको. सुखाने लिफ्ट तपास.

धाकटा


१ फेब्रुवारी

धाकट्या,

कोणी सांगितलं होतं तुला हुतात्मा व्हायला? वेळ दे म्हटलं होतं, जाळ म्हटलं नव्हतं! मी केलेल्या गोष्टीची ताकीद तू खायचीस आणि वर मला टोमणे मारायचे, असला उपकार मला नको.

म्हणून परवा मी तुमच्या कार्यालयात गेले. साहेबांना म्हटलं, दगड मी उलटवले. ते हसले. म्हणाले, बाई, भावासाठी बहिणी येतातच, पुरावा काय? पुरावा तू शेगडीत घातलेलास, आणि तुझी पत्रं दाखवली असती तर तू जाणूनबुजून खोटी सही केलीस हे उघडं पडलं असतं. मग एकदम आठवलं. मी कुठलीही वस्तू तपासली की लाल मेणखडूने तिच्यावर खूण करते. मोठी बरोबरची खूण आणि खाली तारीख. वीस वर्षांची सवय, हात आपोआप करतो. घरी गॅसची नळी बदलली तरी करते, तुझे भाऊजी हसतात. त्या दिवशी दगड पुसून झाला की मी खूण करत होते. एकतीस दगड, एकतीस खुणा. तळहाताएवढ्या. पांढऱ्यावर लाल!

साहेबांना घेऊन आले. चौकीच्या दारात तू होतास. माझ्याकडे ढुंकून बघितलं नाहीस. दहा पावलांवर मी उभी, आणि तू साहेबांशी हवापाण्याच्या गप्पा मारून आत निघून गेलास. तुझ्या तोंडून "ताई" निघायची वाट बघत मी उभी होते. बरं, नको बोलूस. खाली गेलो. पहिला दगड उलटला, खूण. दुसरा उलटला, खूण. सहा दगडांनंतर साहेबांनी हात जोडले.

आता तू मला उत्तर दे. बाई पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तू हे दगड एकेक करून हातात घेतलेस. एवढी लाल खूण प्रत्येकावर. तुला लगेच कळलं असणार की हे ताईचं काम. मग "दोन दिवस मी स्वतःला वेडा समजत होतो" हे नाटक कशाला? आणि येताना साहेबांनी फेरीची वही दाखवली. सात जानेवारी, खालची वाट, सर्व ठीक, आणि खाली तुझी सही. मला लिहितोस फेरी चुकली, वहीत लिहितोस सर्व ठीक. कोणाला फसवतो आहेस? मला, साहेबांना, की त्या पलंगावर पडलेल्या बाईंना?

खरं लिही. नाहीतर पुन्हा ताई म्हणू नकोस.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

तू आली होतीस?

साहेबांबरोबर कोणीतरी बाई आहे एवढं कळलं. वाटलं, कार्यालयातली असेल. देवाशपथ, तू होतीस हे मला आत्ता तुझ्या पत्रातून कळतंय.

मला दिसत नाही, ताई. पूर्ण नाही असं नाही. कडेकडेचं दिसतं, पण जिकडे बघावं तिथे मधोमध धूर. माणूस दिसतो, चेहरा नाही; दगड दिसतो, रंग नाही. पत्र भिंग लावून, मान वाकडी करून, एकेक शब्द वाचतो. अक्षर मोठं काढतो ते मला स्वतःला दिसावं म्हणून. दोन वर्षं झाली. सहा जानेवारीला चौकीला कुलूप होतं ना, मी शहरात डोळे दाखवायला गेलो होतो. जे गेलंय ते येणार नाही म्हणाले, उरलंय ते राहावं म्हणून दर महिन्याला इंजेक्शन घ्यायला या. मी पुन्हा गेलो नाही. इंजेक्शनच्या चिठ्ठीवर कार्यालयाचा शिक्का लागतो. शिक्का मागितला की नोकरी गेली.

बाबांना माहीत होतं. ते असेपर्यंत फेरीला माझ्याबरोबर यायचे, पुढे चालायचे, बोलत राहायचे. तुला सांगू नको ही अट माझीच होती. तू धावत आली असतीस आणि मला इथून उचलून नेलं असतंस. बाबा आजारी पडले तेव्हाही त्याचसाठी तुला लांब ठेवलं. तू चार दिवस राहिली असतीस तर ओळखलं असतंस. ते मी फार वाईट केलं.

सात तारखेची फेरी चुकली नव्हती. मी गेलो होतो. काठीने चाचपत, दगड जागेवर आहेत एवढं बघितलं आणि परत येऊन सर्व ठीक लिहिलं. एकतीस पांढऱ्या दगडांवरून मी चालत गेलो, ताई, भर उन्हात! बाई पडल्यावरच्या खेपेला हात फिरवून कळलं. रंगाचं अंग गुळगुळीत लागतं. तुझी लाल खूण माझ्या हाताला लागली नाही.

आणि पत्र मी तुला वाचवायला जाळलं नाही. त्यात शनिवार लिहिलेला होता. ते साहेबांनी वाचलं असतं तर पुढचा प्रश्न रविवारचा आला असता. विसरलो म्हटलं तर ताकीद मिळते. दिसत नाही म्हटलं तर चौकी जाते. मी हिशेब करून तुझ्यावर उपकार केला.

आता माझं पत्र तुझ्याकडे आहे. काय करायचं ते कर.

धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

जाळलं नाही.

दोन दिवस तुला मनातल्या मनात इतकं बदडलं की हात दुखले. दोन वर्षं! मूर्खा, आंधळा होत चालला होतास आणि मला "वारा फार आहे, बाकी ठीक" असं सांगत होतास. बाबांवरही चिडले. मेलेल्या माणसावर चिडता येत नाही असं कोण म्हणतं, मी चिडले.

मग तुझं पत्र पर्समध्ये घातलं आणि इस्पितळात गेले. तिसरा मजला, खिडकीकडचा पलंग. डॉक्टरबाई डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होत्या. मी कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं, तुझं पत्र वाचून दाखवलं, एक ओळ गाळली नाही. मी मनात ठरवून गेले होते की म्हणायचं, मला माहीत नव्हतं हो, मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "नुसते पांढरे दगड बघून मी उतरले नाही. पाणी बघून मी पाचेक मिनिटं वरच थांबले होते. मग लाल खूण दिसली. ताजी तारीख दिसली. म्हटलं, चार दिवसांपूर्वी कोणीतरी जबाबदार माणूस तपासून गेलंय."

माझी खूण, धाकट्या! जे मी तपासलंच नव्हतं त्यावर मी तपासलं म्हणून खूण केली. एकतीस वेळा. तू न बघता सर्व ठीक लिहिलंस आणि मीही न बघता तेच लिहिलं. तुझ्यावर ओरडायला मला कुठे तोंड उरलं? तरी ओरडणार आहे, ते सोड.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी नको. माफी दिली की तुम्ही दोघं घरी जाऊन झोपाल. मी रागावलेली आहे आणि बराच काळ रागावलेलीच राहणार आहे. तक्रार करणार, दोघांवर, आणि पाटी न लावणाऱ्या कार्यालयावरही. त्याने मला वर ओढलं तेही त्यात लिहिणार, कारण ते खरं आहे. आणि त्याला सांगा, डोळ्यांवर आत्ता उपचार कर. मला हात परत मिळायचा नाही, त्याला अजून काही राखता येईल. ते फुकट घालवलंन तर मात्र मी त्याला कधी सोडणार नाही."

तक्रार त्यांनी तोंडी सांगितली, मी लिहून घेतली. स्वतःच्या नावाविरुद्धचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला, काना-मात्रा न चुकता. माझ्या खात्याला मी आधीच कळवलं होतं, परवाना काल जमा केला. "वरील मजकूर मान्य" म्हणून खाली माझी सही आहे. शेजारची जागा तुझ्यासाठी सोडली आहे.

पुढच्या गुरुवारच्या गाडीने ये. चौकीची किल्ली साहेबांकडे देऊन ये, मागे वळून बघू नकोस. स्टँडवर मी उभी असेन. तुला मी दिसणार नाही, तेव्हा मी हाक मारीन. जिथे असशील तिथेच उभा राहा आणि ओ दे. इस्पितळात सही कुठे करायची ते मी तुझं बोट ठेवून दाखवीन. डोळ्यांचा दवाखाना त्याच मजल्यावर आहे, नंबर लावून ठेवलाय.

आणि पायऱ्या चढताना माझा हात झटकलास तर याद राख.

ताई